‘करावळी अले’शी आपला काय संबंध?

२००८ सालच्या शेवटच्या दोन महिन्यांत मंगळुरू-उडुपीच्या पट्ट्यात एक प्रकार पुन्हा पुन्हा घडू लागला. ‘करावळी अले’ या कन्नड दैनिकाचे गठ्ठे घेऊन निघालेली गाडी अडवायची, गठ्ठे खाली ओढायचे, पेटवून द्यायचे. विक्रेत्यांना दम द्यायचा, की हा पेपर ठेवायचा नाही. करावळी म्हणजे किनारपट्टी, अले म्हणजे लाट. बी. व्ही. सीताराम हे त्याचे संपादक. त्याच वर्षी १४ सप्टेंबरपासून त्या भागात चर्चवर हल्ले झाले होते आणि हिंदुत्ववादी संघटनांच्या झुंडशाहीवर हे दैनिक सडकून लिहीत होते.

मग जानेवारी २००९ च्या सुरुवातीला पोलीस हलले. पण गठ्ठे जाळणाऱ्यांच्या दिशेने नव्हे. २००७ मधल्या एका बदनामीच्या तक्रारीवरून उडुपी पोलिसांनी सीताराम यांनाच अटक केली. गाडी जाळणाऱ्याला शोधायला वेळ नाही, दोन वर्षे जुनी फाईल शोधायला मात्र आहे. हे पोलीस ठाणे आपल्या ओळखीचे आहे ना? अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद घेऊन गेलेल्यावरच दरोड्याचा क्रॉस गुन्हा नोंदवणारे ठाणे हेच.

मित्रांनो, आपल्या बैठकांमध्ये असा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. कन्नड पेपर, संपादक आपल्यातला नाही, वाचक आपले नाहीत, मग आपण कशाला घसा कोरडा करायचा? आपले प्रश्न कमी आहेत का? प्रश्न रास्त आहे, तो झटकून टाकायचा नाही. माझे उत्तर असे आहे, की त्या पहाटे रस्त्यावर जे घडत होते त्याला वृत्तपत्रस्वातंत्र्यावरचा हल्ला हे नाव फार सभ्य आहे. त्याचे खरे नाव बहिष्कार आहे. आणि बहिष्काराबाबत या देशात आपल्याइतके कुणाला कळते?

जिल्ह्याचा पेपर कसा चालतो ते जरा पाहू. बातम्या रात्री उशिरापर्यंत घेतात, मध्यरात्रीनंतर छपाई, पहाटे दोन-तीन वाजता गठ्ठे गाडीत. गाडी एकेका तालुक्याच्या एजंटपाशी थांबते. एजंटने अनामत भरलेली असते. त्याच्याकडून सायकलवरची पोरे घेऊन जातात आणि उजाडायच्या आत पेपर दारात पडतो. ही सगळी साखळी चार-पाच तासांची. सकाळी आठ वाजता पोचलेला पेपर अर्धा मेलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी पोचलेला पेपर रद्दी असतो. म्हणून ज्याला पेपर बंद पाडायचा आहे त्याला छापखान्याला टाळे ठोकावे लागत नाही, सेन्सॉर बसवावा लागत नाही. ड्रायव्हरला एकदा घाबरवले, एजंटच्या दुकानासमोर दहा जण उभे केले, सायकलवरच्या पोराच्या कानाखाली मारली, की झाले. संपादक शूर असेलही. ड्रायव्हरने शूर का असावे? त्याला महिन्याच्या पगारात हुतात्मा व्हायची कलमे लिहून दिलेली नसतात.

गावकी नेमके हेच करते. आपल्या माणसाला थेट मारत नाही, किराणा देणाऱ्याला सांगते, गिरणीवाल्याला सांगते, ट्रॅक्टरवाल्याला सांगते. यांच्याशी व्यवहार करशील तर तुझे बघू. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली, तेव्हा बहिष्कार घालणाऱ्याबरोबर त्याला चिथावणी देणारा आणि त्याची धमकी देणाराही त्यांनी त्यात धरला होता. कारण त्यांना ठाऊक होते की सरकारचा जुलूम दिसतो, समाजाचा जुलूम रीतिरिवाज म्हणून खपतो. संविधानाचे कलम १९ आपल्याला अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते, ते मुख्यतः सरकारच्या विरोधात. रात्री अडीच वाजता घाटात गाडी अडवणारे टोळके म्हणजे सरकार नव्हे. कलम १५ (२) आणि कलम १७ मध्ये मात्र संविधानाने समाजाचाही हात धरला, पाणवठा आणि हॉटेल कुणा खासगी माणसालाही आपल्याला नाकारता येणार नाही असे म्हटले. शब्दाच्या बाबतीत तसा हात धरायचा राहून गेला आहे, असे मला वाटते. त्यावर आपल्या वकील मित्रांनी लिहावे.

‘करावळी अले’च्या संपादकांना अटक झाली त्याच जानेवारीत, २४ तारखेला, मंगळुरूतल्या एका पबमध्ये घुसून मुलींना मारहाण झाली. तिचे चित्रण देशभर दाखवले गेले आणि दिल्लीच्या वाहिन्या मंगळुरूला धावल्या. असे कसे झाले, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. जो पेपर कित्येक दिवस हेच ओरडून सांगत होता त्याचे गठ्ठे तेव्हा जळत होते. स्थानिक पेपर मारला की पुढची घटना अचानक घडल्यासारखी दिसते, एवढाच त्याचा उपयोग असतो. तो कुणाला होतो, हे सांगायची गरज नाही.

त्याच शहरात २८ जुलै २०१२ रोजी एका होम-स्टेमध्ये वाढदिवस साजरा करणाऱ्या मुलामुलींवर टोळक्याने हल्ला केला. नवीन सूरिंजे या कन्नड वाहिनीच्या पत्रकाराने ते चित्रित केले आणि हल्लेखोर कोण ते जगाला दिसले. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी नवीन सूरिंजे यांनाच आरोपी म्हणून अटक केली. जामीन मिळाला मार्च २०१३ मध्ये. साडेचार महिने आत. आणि त्या हल्ल्याच्या खटल्याचे पुढे काय झाले? २०२४ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. ज्याने दाखवले तो आत बसून आला, ज्यांना दाखवले ते सुटले. खैरलांजीपासून आपण पाहतो आहोत की पुरावा उभा करणाऱ्याची काय दशा होते.

कायद्याचा दुसरा फास बदनामीचा. गौरी लंकेश यांच्या साप्ताहिकात २००८ मध्ये भाजपच्या नेत्यांविषयी एक मजकूर आला. तक्रार हुबळीत. संपादक बंगळुरूत. दोन्हींमध्ये चारशे किलोमीटर. तारीख पडली की प्रवास, प्रवास झाला की पुढची तारीख. आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, सहा महिने कैद आणि दंड अशी शिक्षा झाली, त्यावर जामीन मिळाला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी बदनामीचे कलम घटनात्मक आहे असा निकाल दिला होता. आता भारतीय दंड संहिता गेली, न्याय संहिता आली, पण बदनामी फौजदारी गुन्हाच राहिली. मोठ्या वृत्तसमूहाकडे वकिलांची फौज असते, त्याला अशी नोटीस म्हणजे डास चावल्यासारखी. साप्ताहिक चालवणाऱ्या माणसाकडे एक वकील असतो आणि तोही बहुधा मित्र. त्याच्यासाठी निकाल गौण असतो, तारखाच शिक्षा असतात.

आपल्यातले काही जण म्हणतील, भाजपला हटवा, सगळे ठीक होईल. जून २०१७ मध्ये कर्नाटकात काँग्रेसचे सरकार होते. तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष के. बी. कोळीवाड यांनी ‘हाय बंगळूर’चे रवी बेळगेरे आणि ‘येलहंका व्हॉइस’चे अनिल राजू या दोन संपादकांना आमदारांच्या हक्कभंगासाठी एक वर्ष कैद आणि दहा हजार रुपये दंड ठोठावला. कोर्ट नाही, साक्षीपुरावा नाही, सभागृहानेच ठरवले. त्यातला एक मजकूर खुद्द कोळीवाडांविषयीचा होता. म्हणजे तक्रारदारही घरातला आणि न्यायाधीशही घरातला. ‘हाय बंगळूर’ हा सनसनाटी टॅब्लॉइड होता, मला त्याचे काडीचे कौतुक नाही. पण आमदाराच्या मानापमानाचा निवाडा आमदारांनीच करायचा, ही जातपंचायतीची रीत झाली. ती विधानसभेत चालवली म्हणून पवित्र होत नाही.

आता थोडे ‘लंकेश पत्रिके’विषयी, कारण आपल्या मुलांना गौरी लंकेश यांची हत्या माहीत असते पण ते साप्ताहिक काय होते ते माहीत नसते. पी. लंकेश यांनी ते १९८० मध्ये सुरू केले. जाहिराती घ्यायच्या नाहीत हा नियम. अंकाच्या किमतीवर पेपर चालवायचा. जाहिरात नाही म्हणजे जाहिरातदार नाही, आणि जाहिरातदार नाही म्हणजे फोन करून बातमी थांबवणारा नाही. या एका नियमातून काय उगवले ते पाहा. मंगळुरूच्या सारा अबूबकर यांची ‘चंद्रगिरिय तीरदल्ली’ ही कादंबरी याच साप्ताहिकात क्रमशः आली. हासनच्या बानू मुश्ताक ऐंशीच्या दशकात याच ‘पत्रिके’च्या वार्ताहर होत्या. २०२५ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले आणि मराठी वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. पण एका मुस्लिम बाईला तालुक्यात फिरून बातम्या लिहायला लावणारा पेपर कोणता होता आणि तो कशावर जगत होता, हे किती मथळ्यांत आले?

आणि दलित चळवळ? कर्नाटकातली आपली चळवळ कन्नड शब्दावरूनच पेटली आहे. १९७३ मध्ये मंत्री बी. बसवलिंगप्पा म्हणाले की कन्नड साहित्य म्हणजे बूसा आहे. बूसा म्हणजे कोंडा, गुरांचे खाद्य. केवढा गहजब झाला! दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावे लागले. एक दलित मंत्री साहित्यावर मत देतो, तर राज्य पेटते. त्या होरपळीतून दलित संघर्ष समिती उभी राहिली आणि तिचे ‘पंचम’ हे नियतकालिक निघाले. देवनूर महादेव, सिद्धलिंगय्या ही माणसे त्या काळातली. आपल्याकडे पँथर आणि लिटल मॅगझिन जे करत होते तेच सीमेपलीकडे कन्नडमधून चालू होते. आपण बेळगाव-निपाणीच्या पुढे कधी डोकावलो नाही. बाबासाहेब मात्र १९२५ मध्ये निपाणीच्या परिषदेला गेले होते आणि धारवाडला त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले होते. त्यांच्या नकाशात ही सीमा नव्हती.

५ सप्टेंबर २०१७ च्या रात्री बंगळुरूत घराच्या दारात गौरी लंकेश यांना गोळ्या घातल्या. वडिलांच्या पश्चात त्यांनी आधी ‘लंकेश पत्रिके’ सांभाळले होते, २००५ पासून ‘गौरी लंकेश पत्रिके’ हे स्वतःचे साप्ताहिक चालवले. शेवटच्या अंकातला त्यांचा लेख खोट्या बातम्यांच्या कारखान्यावर होता. पुण्यात दाभोलकर, कोल्हापुरात पानसरे, धारवाडला कलबुर्गी आणि बंगळुरूत गौरी, असा हा प्रवास २०१३ ते २०१७. कलबुर्गी आणि गौरी यांना मारण्यासाठी एकच पिस्तूल वापरले गेले, असे कर्नाटकच्या तपास पथकाचे म्हणणे आहे. त्या पथकाने आरोपी केलेल्या अठरा जणांत महाराष्ट्रातलेही आहेत. तेव्हा कन्नड पेपरशी आपला संबंध काय, हे विचारणाऱ्यांनी हा संबंध तरी नजरेआड करू नये. मारेकऱ्यांना राज्याची सीमा आडवी आली नाही.

खटला २०२२ मध्ये उभा राहिला. आरोपी जामिनावर बाहेर येऊ लागले. जामीन हा त्यांचा कायदेशीर हक्क आहे, त्यावर माझी तक्रार नाही. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये विजयपुरात जामिनावर सुटलेल्या दोघांचे हारतुरे घालून स्वागत झाले. त्याच महिन्यात आपल्या जालन्यात एका आरोपीला सत्ताधारी पक्षाने प्रवेश देऊन पद दिले, आणि बोंब झाल्यावर त्या पदाला स्थगिती दिली. हार घालणारे हात आणि २००८ मध्ये गठ्ठे पेटवणारे हात एकाच मनाचे आहेत. बंदूक फार शेवटी येते. आधी ड्रायव्हरला दम, मग तारखा, मग ‘देशद्रोही’ हा शिक्का. इतके झाल्यावर गोळी घालणाऱ्याला समाजाची मूक संमती आधीच मिळालेली असते.

इथपर्यंत आपल्यातले बहुतेक माना डोलावतील. आता जरा कडू.

सीताराम यांना २००७ मध्येही अटक झाली होती. ती दिगंबर जैन मुनींच्या नग्नतेवर लिहिलेल्या मजकुरावरून, भावना दुखावल्याच्या आरोपाखाली. म्हणजे भावना दुखावल्याचे हत्यार काही एकाच संघटनेकडे नाही. ते प्रत्येक समाजाच्या घरात टांगलेले आहे, आपल्याही. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, तेव्हा ‘रिडल्स’मधले राम-कृष्णावरचे परिशिष्ट वगळा म्हणून रस्त्यावर आलेले लोक भावना दुखावल्याचेच बोलत होते. त्याला उत्तर म्हणून १९८८ च्या सुरुवातीला मुंबईत आपला विराट मोर्चा निघाला. लिहिलेले छापले गेले पाहिजे, यासाठी लाखो माणसे रस्त्यावर, असा मोर्चा या देशात दुसऱ्या कुणी काढला आहे? आणि मे २०१२ मध्ये, पाठ्यपुस्तकातल्या शंकर यांच्या एका जुन्या व्यंगचित्रावरून पुणे विद्यापीठात सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. करणारे तरुण आंबेडकरी संघटनेचे नाव घेऊन आले होते. व्यंगचित्रावर आक्षेप असू शकतो, मलाही ते पाठ्यपुस्तकात कसे शिकवावे याबद्दल शंका आहेत. पण टेबल उलटे करून आपण कुणाची रीत उचलली? ज्या चळवळीने ‘रिडल्स’साठी मुंबई भरवली तिने खुर्च्या फोडायच्या?

बाबासाहेब अशा वेळी काय करत, हे कल्पनेने सांगायला नको, नोंदलेले आहे. दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक १९२५ मध्ये आले. टिळक-चिपळूणकरांवर जहाल टीका. भाषा अशी की आजही अंगावर येईल. बदनामीचा खटला झाला, लेखक जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी यांना पुण्याच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि १९२६ मध्ये ते सगळे सुटले. हे तरी ब्राह्मणेतर चळवळीचे, आपल्या बाजूचे म्हणता येतील. पण १९३४ मध्ये ते र. धों. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला होता, लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. कर्वे चित्पावन. त्यांचे वाचक मूठभर. समाजात त्यांचे नाव उघडपणे घ्यायला लोक लाजत. गोलमेज परिषदा गाजवून आलेल्या, पुणे करारातून नुकत्याच गेलेल्या पुढाऱ्याला या खटल्यातून काय मिळणार होते? दोनशे रुपये दंड झाला, खटला हरला. माझ्या मते तो हरलेला खटला आपण जिंकलेल्या खटल्याहून जास्त वेळा सांगायला हवा.

आणि पैशाचे काय? ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला, शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून. ‘केसरी’ने तर पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला. तीनेक वर्षांत ‘मूकनायक’ बंद पडला. मग १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’. मजकुराचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकहाती लिहीत होते आणि या पत्राचे कर्ज हे लोकांचे कर्ज आहे की नाही, असे त्यांनी समाजाला अग्रलेखातून रोखठोक विचारले होते. १९२९ मध्ये तेही थांबले. गठ्ठे कुणी जाळले नव्हते. वर्गणी आली नाही.

आपल्या जिल्ह्यातले चित्र वेगळे नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरते, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. १४ एप्रिलच्या पुरवणीसाठी तो आपल्या दारात शुभेच्छांची जाहिरात मागायला येतो आणि तीन महिन्यांनी वस्तीवर हल्ला झाला की तोच ‘किरकोळ कारणावरून दोन गटांत वाद’ असे लिहितो, कारण साखर कारखान्याची पानभर जाहिरात ज्याने दिली त्याचेच पोरगे आरोपी असते. त्या वार्ताहरावर चिडण्यात मी पुष्कळ वर्षे घालवली. पण तो एकटा उलट लिहू लागला तर काय होते तेही आपण पाहिले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात शशिकांत वारिशे या पत्रकाराला रिफायनरी समर्थकाच्या विरोधात बातमी छापून आली त्याच दिवशी गाडीखाली चिरडले. पत्रकारांवरील हल्ले रोखण्याचा कायदा आपल्या विधिमंडळाने २०१७ मध्येच मंजूर केला होता.

तर मग करायचे काय? जयंतीला एका चौकात फ्लेक्सवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात वीस-पंचवीस घरांची छोट्या साप्ताहिकाची वर्षभराची वर्गणी भरता येते. फोटोतल्या नेत्यांची संख्या एका ओळीने कमी करावी लागेल, एवढेच. प्रत्येक तालुक्यात निदान एक वकील असा हवा जो पत्रकाराच्या बदनामीच्या खटल्यात फी न घेता उभा राहील. अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस लढवणारे आपले वकील हे काम जाणतात, त्यांना कोर्टाच्या पायऱ्या नव्या नाहीत. पत्रकार आपल्या जातीचा आहे का, हे विचारायचे नाही. त्याने गेल्या वर्षी आपल्यावर टीका केली होती का, हेही नाही. आणि पेपरची गाडी अडवल्याची बातमी आली की संपादकाला फोन करण्याआधी त्या ड्रायव्हरच्या आणि एजंटच्या घरी जायचे. एजंटला विचारायचे, उद्याचा गठ्ठा उतरवायला पहाटे किती जण उभे राहायला हवेत. आपल्या वस्तीतली निम्मी पोरे त्या वेळी भरतीसाठी धावायला उठलेलीच असतात.